बी गेली कुठे?

द्राक्षांचा सीझन आला की तो मेसेज फिरायला लागतोच, बिनबियांची फळं निसर्गात नसतात, इंजेक्शन मारून बी घालवतात, मुलांना देऊ नका वगैरे. आमच्या सोसायटीतल्या एक काकू तर द्राक्षं बंद करून केळ्यांवर आल्या. आता केळ्यात तरी बी कुठे असते हे त्यांना कोण सांगणार!

थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाचा एक मणी उभा चिरून उजेडात धरून बघा. आत तिळापेक्षा बारीक, मऊसा पांढुरका कण दिसेल, ती बीच आहे. फलन रीतसर झालं, बी धरायलाही लागली आणि मधेच खुंटली. हे कुणी लॅबमध्ये केलेलं नाही, फार पूर्वी कुठल्यातरी वेलीत आपोआप झालेला बदल आहे, लोकांना आवडला आणि तेव्हापासून काडीला काडी लावत ती वेल पार नाशिक-सांगलीपर्यंत आली. सोनाका, तास-ए-गणेश या जाती त्यातूनच निघालेल्या. सोनाका तर सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनमधूनच हेरून निवडलेली.

इंजेक्शनवाला संशय मात्र अगदीच हवेतला नाही हां. मणी फुगवणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक एरवी बी पुरवते, इथे बीच नाही म्हटल्यावर मणी बारीक राहतो, म्हणून बागायतदार घड त्याच जिबरेलिनच्या पाण्यात बुडवतात, त्याला डिपिंग म्हणतात. पण ते मणी वाढवायला, थॉम्पसनची बी कधीच गेलेली असते.

माणसाने मुद्दाम घडवलेलं फळ बघायचं तर सीडलेस कलिंगड. कोल्चिसिन नावाचं रसायन वापरून आधी गुणसूत्रांचे संच दोनाचे चार करायचे, मग त्याचा साध्या कलिंगडाशी संकर, की तीन संचांचं बी मिळतं आणि त्याच्या फळात बिया भरत नाहीत. केळ्याचेही बहुतेक तीनच संच, फक्त तिथे ते कुणी न करता झालं. रानटी केळ्यात गर नावाला आणि काळ्या कडक बियाच जास्त, आपल्या केळ्यातले ते मधले ठिपके म्हणजे त्यांचेच अवशेष.

तर कलिंगड सोडलं तर बी जाणं नैसर्गिकच, माझ्या मते माणसाची करामत आहे ती अशी झाडं टिकवण्यात. रानात ती द्राक्षाची वेल एकटीच वाढून संपली असती. कोकणातला नीरफणसही तसाच, बी नाही म्हणून मुळांना फुटलेली रोपं काढून इकडून तिकडे लावायची, म्हणून तर आपल्याला रव्यातले काप खायला मिळतात.

काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करावी, बी नाही म्हणून काडी-मुळांपासून लावलेली सगळी झाडं म्हणजे एकाच झाडाच्या कॉप्या, एकाला रोग लागला की बाकीच्यांचंही कठीण. ग्रो मिशेल नावाचं केळं असंच पनामा रोगाने १९५० च्या दशकात निर्यातीच्या बाजारातून जवळजवळ उठलं, त्याच्या जागी कॅव्हेंडिश आलं, आणि आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशच्या मागे लागलाय. जळगावची जी-९ ही केळीची जात त्याच कॅव्हेंडिश घराण्यातली.