डॅशकॅमचं मेमरी कार्ड आणि वॉरंटीचा काउंटर

डॅशकॅमसाठी, म्हणजे गाडीच्या काचेमागे बसून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, टिकाऊ कार्ड निवडणं अवघड नाही. पॅकिंगवर ‘एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्यायचं, व्ही३० किंवा यू३ ही लिहिण्याच्या किमान वेगाची खूण बघायची आणि पक्कं बिल मागायचं. खरा घाम फुटतो तो असं कार्ड वॉरंटीत बिघडल्यावर, ते बिघडलंय हे काउंटरवरच्या माणसाला पटवून देताना. म्हणून निवडीचं थोडक्यात सांगतो आणि मग त्या काउंटरकडे वळतो.

पुढचा आणि मागचा कॅमेरा मिळून सेकंदाला २६ मेगाबिट लिहीत असतील, तर तासाला ११.७ जीबी होतात. बेळगाव-कोल्हापूर रोज जाऊन-येऊन चार तास धरले, तर दिवसाला जवळपास ४७ जीबी. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड रोज दीड वेळा भरून परत पुसलं जातं, तर १२८ जीबीचं पावणेतीन दिवसांतून एकदा. कार्डाची झीज या फेऱ्यांवर ठरते. त्यामुळे मोठं कार्ड घेतलं की जुनं रेकॉर्डिंग जास्त दिवस राहतं आणि कार्डही जास्त टिकतं. दिवसभर पळणाऱ्या टॅक्सीत ३२ चं कार्ड घालूच नये. पार्किंग मोड (गाडी उभी असतानाचं रेकॉर्डिंग) सलग रेकॉर्डिंगवर ठेवला, तर दिवसाला २८० जीबी लिहिले जातात, हेही लक्षात असू द्या.

कंपन्या आयुष्य तासांत सांगतात. सॅनडिस्कच्या ‘हाय एन्ड्युरन्स’ ६४ जीबी कार्डाला ५,००० तास सांगितलेत. वरच्याच २६ मेगाबिटच्या हिशोबाने हे कार्ड सुमारे ९०० वेळा पूर्ण लिहिण्याइतकं झालं. सॅमसंगच्या ‘प्रो एन्ड्युरन्स’ १२८ जीबीच्या नव्या कार्डाला ७०,०८० तास, म्हणजे रात्रंदिवस आठ वर्षं. कॅमेरा फोर-के, म्हणजे जास्त बारकाईचं चित्र घेणारा, असेल तर हे तास निम्म्यावर येऊ शकतात. (काउंटरवर माझा ज्या कार्डावरून वाद झाला, तो पुढे सांगतो, ते या दोन्ही कंपन्यांचं नव्हतं.) मोठ्या अक्षरात छापलेले ‘१०० एमबी’ वगैरे आकडे वाचण्याच्या वेगाचे असतात, डॅशकॅमला त्यांचा उपयोग नाही. ए१, ए२ या खुणा मोबाइलच्या ॲपसाठी. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आता काउंटर. माझं एन्ड्युरन्स कार्ड, वॉरंटी शिल्लक, बिल हातात, आणि कॅमेरा दर थोड्या वेळाने ‘कार्ड एरर’ म्हणून ओरडतोय. संगणकात घातलं तर जुन्या सगळ्या फाइल दिसतात, चालतातही. नवीन मात्र एकही नाही. कार्डातले राखीव ब्लॉक (झिजलेल्या जागेऐवजी वापरायची जादा जागा) संपले किंवा आतल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपला, लिहिण्याचा भरवसा राहिला नाही, की तो कार्डाला कायमचं कुलूप लावतो: वाचा, पण लिहू देणार नाही. असलेला डेटा शाबूत राहावा म्हणून केलेली ही सोय आहे. वॉरंटी मागणाऱ्याचे हाल मात्र इथूनच सुरू होतात, कारण असं कार्ड बघणाऱ्याला धडधाकट वाटतं.

काउंटरवरच्या मुलाने कार्ड रीडरमध्ये घातलं, फॉरमॅट मारलं, पडद्यावर ‘फॉरमॅट पूर्ण’ आलं, फोल्डर रिकामं दिसलं. “कार्ड ओके आहे सर, तुमचा कॅमेराच गेलाय.” कार्ड परत माझ्या हातात. पुन्हा गेलो की पुन्हा तेच. मला राग आला तो नकाराचा नाही, तपासणीच्या पद्धतीचा. अर्धवट तपासून ग्राहकाला नवा कॅमेरा घ्यायला लावणं हा शुद्ध अन्याय आहे.

त्या ‘ओके’ मागचं कारण असं. कुलूप लागलेली काही कार्डं लिहिण्याचा हुकूम नाकारत नाहीत, ‘झालं’ म्हणतात आणि काहीच लिहीत नाहीत. संगणक मग स्वतःच्या मेमरीतलं रिकामं चित्र दाखवत बसतो. कार्ड बाहेर काढून पुन्हा घातलं की खरं काय ते कळतं. शेवटी मी काउंटरवरच हे करून दाखवलं. आधी शेवटच्या फाइलचं नाव आणि वेळ कागदावर लिहिली. त्यालाच फॉरमॅट करायला सांगितलं. फोल्डर रिकामं. मग कार्ड नीट ‘इजेक्ट’ करून बाहेर काढायला लावलं आणि परत घालायला लावलं. तीच फाइल, तीच वेळ, सगळ्या फाइल जागच्या जागी. त्याने दुसऱ्या रीडरमध्ये घालून बघितलं, तिथेही तेच. त्यानंतर ‘कार्ड ओके’ हा शब्द आला नाही. ही तपासणी मोबाइलवर एका सलग व्हिडिओत घेऊन ठेवा, मध्ये कुठेही न तोडता. पुढे तोच पुरावा कामाला येतो.

मग दुसरा अडसर: “डॅशकॅममध्ये वापरलंय, वॉरंटी बसत नाही.” साध्या कार्डांच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरं असतं, सतत रेकॉर्डिंग करणाऱ्या उपकरणांतला वापर अनेक कंपन्या वॉरंटीतून वगळतात. म्हणूनच तर एन्ड्युरन्स कार्ड घ्यायचं. पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र आणि ‘डॅशकॅमसाठी’ ही ओळ होती, तो पुठ्ठा समोर ठेवला. पुठ्ठा टाकून देऊ नका. फॉर्ममध्ये वापर विचारला तर खरं तेच लिहा, डॅशकॅम.

तिसरा आपल्या सीमाभागातला नेहमीचा: “बिल कोल्हापूरचं आहे, तिकडेच जावा.” निपाणी-चिकोडीकडची निम्मी माणसं खरेदीला कोल्हापूर गाठतात, त्यांना हे ऐकावंच लागतं. कंपनीची भारतातली वॉरंटी सहसा जिल्हा किंवा राज्य बघत नाही. आयात केलेल्या मालाच्या पॅकिंगवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११ च्या वजनमाप नियमांनुसार बंधनकारक आहे. मी काउंटर सोडून त्या छापलेल्या संपर्कावर ईमेल केला: बिलाचा फोटो, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, मागचा बारीक नंबर वाचता येईल असा, आणि तो व्हिडिओ. वाट बघावी लागली, दोनदा तेच फोटो पुन्हा मागितले गेले, पण कार्ड बदलून आलं. तेव्हा वाटलेला आनंद कार्डाच्या किमतीपेक्षा खूप मोठा होता.

ईमेलला दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तू कोल्हापूरची असली तरी बेळगावात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

एक गोष्ट मात्र कार्ड देण्याआधी ध्यानात घ्या. कुलूप लागलेलं कार्ड तुम्हाला पुसता येत नाही. तुमचं घर, रोजचा रस्ता, गाडीतलं बोलणं, सगळं त्यावर तसंच परक्या हातात जातं. म्हणून मी आता कॅमेऱ्याचा माइक कायम बंद ठेवतो.

बेळगावहून गोव्याला चोर्ला घाटाच्या रस्त्याने जाणाऱ्यांसाठी खास: जी-सेन्सर (धक्का ओळखणारी सोय) सर्वांत कमी संवेदनशीलतेवर ठेवा. नाहीतर प्रत्येक खड्डा अपघात समजून कॅमेरा ती फाइल लॉक करतो, लॉक फाइल पुसल्या जात नाहीत, आणि रेकॉर्डिंगला जागा उरत नाही. उरलेल्या तेवढ्याच भागात पुन्हा पुन्हा लिहिलं जातं. महिन्यातून एकदा हवं ते काढून घेऊन कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकात नको. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या फाइल मांडण्याच्या पद्धतीत येतात आणि काही कॅमेऱ्यांना फॅट३२ ही जुनी पद्धतच लागते. कॅमेऱ्यातून फॉरमॅट केलं की हा घोळ होत नाही. किती जीबीपर्यंतचं कार्ड चालतं ते मात्र खरेदीआधी माहितीपुस्तिकेत बघा.

गाडी बंद केल्याबरोबर कार्ड ओढू नका. कॅमेरा शेवटची फाइल बंद करत असतो, दिवा विझू द्या. एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत काचेमागे सहज ६० अंशांच्या वर जातं. बरीच कार्डं ८५ पर्यंत सोसतात, पण सावली मिळाली तर सोडू नका.

नवं कार्ड आणल्या दिवशीच एचटूटेस्टडब्ल्यू या फुकटच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री आहे. १२८ जीबीला दीड-दोन तास लागतात, पण नकली कार्ड इथेच पकडलं जातं: लिहिलेलं असतं १२८, आत निघतात ८ किंवा १६, आणि दुकानदार त्याच दिवशी बदलून देतो.

बदलून आलेल्या कार्डाला बहुतेक वेळा नवी वॉरंटी मिळत नाही, जुन्याचीच उरलेली मुदत चालते. त्यामुळे जुनं बिल, पुठ्ठा आणि कार्ड बदलल्याचा ईमेल एकाच पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा, आणि बिलाची शाई उडायच्या आत त्याचा फोटो काढा.