सरक, मी दाखवते

रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि मी भाकरीचा विचार करत बसलेय, बोला.

झालं काहीच नाही. चिऊ भाकरी थापत होती, कडेला चिरली, मी म्हटलं सरक, मी दाखवते. थापली, टाकली, पाणी फिरवलं, टम्म फुगली. ती बाजूला उभी राहून बघत होती, भाकरीकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मग "छान झाली" म्हणाली आणि हात धुवून गेली. बास.

ती नजर आधी कुठेतरी पाहिलीय असं जेवताना सारखं वाटत होतं, मग आठवलं, स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा पिक्चर 'ऑटम सोनाटा', 1978 चा. लेक पियानोवर शोपाँचं प्रेल्युड अडखळत वाजवते, मग आई लेक्चर देत तेच वाजवून दाखवते, आणि लेक झालेली लिव्ह उलमन वळून आईच्या चेहऱ्याकडे बघत राहते. कॉलेजात पाहिला तेव्हा आई झालेल्या इन्ग्रिड बर्गमनचा (दिग्दर्शकाशी नातं नाही, आडनाव तेवढं एक) असा राग आलेला की विचारू नका. (तेव्हा घरी येऊन आईला काय काय सुनावलं, ते जाऊ दे.)

आज परत लावला. वैताग म्हणजे आई बरोबरच वाजवते हो! माझी भाकरीपण फुगलीच की.

दोन्ही वेळचा पियानो एकीनेच वाजवलाय, केबी लारेतेई, दिग्दर्शक बर्गमनची आधीची बायको, म्हणजे ते अडखळणंसुद्धा मुरलेल्या हाताचं. आणि आईच्या बंद दाराबाहेर ताटकळणारी छोटी मुलगी आहे ना, ती बर्गमन आणि लिव्हची स्वतःची लेक, लिन. पाच लग्नं, नऊ मुलं आणि बाबा कायम शूटिंगला नाहीतर तालमीला. 1976 ला टॅक्सच्या भानगडीत पोलिसांनी उचललं तेही तालमीतूनच, केस टिकली नाही पण माणूस कोसळला, देश सोडून म्युनिकला गेला, म्हणून तर हा स्वीडिश भाषेतला पिक्चर नॉर्वेत शूट झालाय. आणि असा बाप पिक्चर काढणार आईच्या चुकांवर! सगळं आयांच्याच माथी. असं चिडून घेतलं थोडं, बरं वाटलं.

पण पोरीला दाराबाहेर बसवून कॅमेरा लावला त्यानेच, म्हणजे कळत होतं की त्याला. कळून नऊ पोरांना काय मिळालं कोण जाणे.

ती नजर काही जात नाहीये.

*

दुसऱ्या दिवशी, रात्री साडेआठ. आज तिला म्हटलं तू कर, मी येत नाही. हॉलमध्ये मटार सोलत बसले, दहा मिनिटं, तोंड बंद. मग जळका वास आला.

"गॅस बारीक कर गं!"

आतून हसण्याचा आवाज. "आलीस का, मला वाटलंच."