चपट्या पेशी ऐकत नाहीत

आमच्या इनक्युबेटरमध्ये एसएच-एसवाय५वाय नावाची सेल लाइन आहे, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी. १९७० मध्ये, न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांना होणारा, कच्च्या चेतापेशींचा कॅन्सर) झालेल्या चार वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेतून घेतलेल्या पेशींची ही वंशज. पार्किन्सन्सवर काम करणारी मंडळी ती चेतापेशींच्या जागी सर्रास वापरतात. मी मात्र तिच्याकडे कॅन्सर म्हणूनच बघते.

परवा लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलाने विचारलं, "ताई, एमवायसीएन म्हणजे अडकलेला अ‍ॅक्सिलरेटर ना?" एमवायसीएन हे पेशींची वाढ पुढे रेटणारं जनुक, आणि मीही बरीच वर्षं असंच सांगत होते. आता ते मला अर्धवट वाटतं.

भ्रूणात न्यूरल क्रेस्ट नावाच्या पट्ट्यातल्या पेशी होऊ घातलेल्या पाठकण्याजवळून निघतात. काही अधिवृक्क ग्रंथीत जाऊन बसतात, काही सिम्पथेटिक चेतासंस्थेच्या गँग्लियांत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत. या प्रवासात त्या भराभर दुणावतात आणि तेव्हा एमवायसीएन हे जनुक चालू असणं अगदी रीतसर आहे. मुक्कामी पोचल्यावर ते मंदावायचं आणि पेशीने प्रौढ व्हायचं. न्यूरोब्लास्टोमात ही दुसरी पायरीच राहून जाते. वेग हा त्याचा परिणाम.

साधारण पाचातल्या एका ट्यूमरमध्ये या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढलेल्या असतात. हे १९८३ मध्ये कळलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा बळावलेल्या आजाराशी संबंध दिसला. फिश या चाचणीत जनुकाची प्रत्येक प्रत चमकत्या ठिपक्यासारखी दिसते; तशी पहिली स्लाइड मला अजून आठवते. निरोगी पेशीत दोन ठिपके दिसतात. इथे केंद्रकभर ठिपकेच ठिपके. चाळीसपर्यंत मोजले आणि नाद सोडला. बऱ्याचदा या प्रती गुणसूत्राबाहेर, डीएनएच्या छोट्या वर्तुळांत असतात. या वर्तुळांना सेंट्रोमिअर (विभाजनात गुणसूत्राला धरून ओढायची जागा) नसतो, त्यामुळे विभाजनाच्या वेळी त्यांची समसमान वाटणी होत नाही. विभाजनातून झालेल्या एका लेक-पेशीला ढीगभर, दुसरीला मूठभर. ढीगवाली जोमाने वाढते आणि पुढच्या पिढ्यांत तिचीच गर्दी होते.

जनुकाच्या प्रती वाढल्या नाहीत तरी त्यापासून बनणारं एमवायसीएन प्रथिन टिकवून धरता येतं. एरवी ते थोड्याच वेळात मोडीत निघतं, पण ऑरोरा-ए किनेज हे एन्झाइम त्याला चिकटून बसलं की वाचतं. एएलके या रिसेप्टरमध्ये (पेशीच्या पृष्ठभागावरच्या, संकेत घेणाऱ्या प्रथिनात) बिघाड झाला तरी त्याच्या संकेतांमुळे हे मोडीत काढणं मंदावतं. एएलकेचे हे बदल २००८ मध्ये सापडले, आनुवंशिक न्यूरोब्लास्टोमाच्या कुटुंबांतही. आमच्या सेल लाइनमध्ये एमवायसीएनच्या जादा प्रती नाहीत, एएलकेचा बदल मात्र आहे.

आता रेटिनोइक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन ए पासून बनणारं रसायन. १९८५ मध्ये दिसलं की ते दिलं की पेशींचा आकार बदलण्याआधीच एमवायसीएन खाली येतं. म्हणजे पेशीला न मारता तिचं राहिलेलं काम पुरं करून घ्यायचं. मोठ्या उपचारांनंतर मुलांना याच घराण्यातलं औषध देतात. (घरच्या व्हिटॅमिन ए च्या गोळ्या त्याच्या जागी चालत नाहीत. हा प्रश्न मला नेहमी येतो.) हे रसायन उजेडात बिघडतं, म्हणून नळी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची. एकदा मी ती तशीच टेबलावर विसरले आणि आठवडाभर जैसे थे असलेल्या पेशींकडे बघत बसले.

गेल्या महिन्यात मात्र नीट जमलं. पाचव्या-सहाव्या दिवशी पेशींना बारीक लांब तंतू फुटले आणि शेजारणीपर्यंत पोचले. त्या मुलाला बोलावून दाखवलं. "झालं की मग!" तो म्हणाला.

मी डिश जराशी सरकवली. कडेला चपट्या, पसरट पेशींचा एक पुंजका होता. एकीलाही तंतू नाही. या लायनीत दोन स्वभावांच्या पेशी असतात आणि चपट्यांना रेटिनोइक अ‍ॅसिड जुमानत नाही. प्रयोग लांबवला तर त्याच डिश व्यापतात. २०१७ मध्ये ट्यूमरमधल्या पेशींतही असे दोन प्रकार दाखवले गेले. एकातून दुसऱ्यात जाता येतं, आणि चपट्यांच्या जातीतल्या पेशी केमोलाही जास्त दाद देत नाहीत.

सध्या मी रोज सकाळी डिशची फक्त कड बघते.