सुदान कुठे आणि कचराळी तलाव कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "काकू, तुम्ही त्या म्युच्युअल फंडवाल्यांना पत्रं पाठवत असता म्हणे, अत्याचारांना हातभार लावणाऱ्या कंपन्यांना जाब विचारा म्हणून. सुदान कुठे, म्यानमार कुठे आणि आपण ठाण्यातली माणसं कुठे? तुमच्या पाच हजारांच्या एसआयपीनं काय होणार?" कचराळी तलावाला फेऱ्या मारताना हे मला किती जणांनी विचारलं असेल! भाचा विचारतो, एजंटही विचारतो. चालता चालता धड उत्तर देता येत नाही, धाप लागते आणि विषयही लांबतो.

निवृत्त झाले तेव्हा ग्रॅच्युइटीचे पैसे एजंटच्या सांगण्यावरून तीन योजनांत घातले. आयुष्य हिशेबात गेलेलं, त्यामुळे दर महिन्याची पोर्टफोलिओची शीट उतरवून घ्यायची सवय लागली. महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत फंड हाऊसला ती वेबसाइटवर टाकावीच लागते. कुठल्या कंपनीचे किती शेअर, एकूण पैशांच्या किती टक्के, सगळं त्यात असतं. माझ्या शीटमध्ये एक नाव ओएनजीसीचं होतं, आपल्या सरकारी तेल कंपनीचं. उरणच्या प्रकल्पामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं, भरवशाचं नाव. तिचं परदेशात काय काय आहे ते वाचायला बसले आणि सुदानपाशी येऊन थांबले.

ती गोष्ट नीट सांगायला हवी. १९९८ साली कॅनडातल्या टॅलिस्मन एनर्जी या कंपनीनं सुदानच्या तेलप्रकल्पात २५ टक्के हिस्सा घेतला. चीनच्या सरकारी कंपनीचा हिस्सा ४० टक्के, मलेशियाच्या पेट्रोनासचा ३० आणि उरलेले ५ टक्के सुदान सरकारच्या कंपनीचे. देशात उत्तर आणि दक्षिण यांची यादवी चालू होती, आणि तेल नेमकं त्या दोघांमधल्या पट्ट्यात, नुएर आणि डिंका लोकांच्या वस्त्या जिथे होत्या तिथे सापडलं होतं. विहिरींभोवतीचा मुलूख मोकळा हवा म्हणून गावं उठवली गेली. वरून बॉम्ब पडले, झोपड्या जाळल्या गेल्या, धान्य जाळलं गेलं. कॅनडाच्या सरकारनं जॉन हार्कर यांना पाहणीला पाठवलं. तेलामुळे युद्ध आणखी चिघळतंय आणि हेगलिगची तेलप्रकल्पाची धावपट्टी सुदानी लष्कर वापरतंय, असं त्यांच्या २००० सालच्या अहवालात आलं.

त्यानंतर कॅनडाकडच्या चर्चमधली माणसं, विद्यार्थी आणि पेन्शन फंड टॅलिस्मनला प्रश्न विचारायला लागले. काही फंडांनी शेअर विकले. २००२ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं की, सुदानच्या घडामोडींवर सतत नजर ठेवून भागधारक थकले आहेत. हिस्सा विकायला निघाला. तो घेतला आपल्या ओएनजीसी विदेशनं, म्हणजे ओएनजीसीचं परदेशातलं काम बघणाऱ्या तिच्याच कंपनीनं. मार्च २००३ मध्ये व्यवहार पुरा झाला आणि दोन महिन्यांत तिथलं कच्चं तेल मंगळूरला उतरलं.

त्याच वर्षी सुदानच्या पश्चिमेचा दारफूर प्रांत पेटला. विहिरी दारफूरमध्ये नव्हत्या, पण तेलाचा पैसा सुदान सरकारच्या ज्या तिजोरीत जात होता, त्याच तिजोरीतून दारफूरचं युद्धही चालत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं तिथे सुमारे ३ लाख माणसं गेली आणि २५ लाखांहून जास्त बेघर झाली. राष्ट्राध्यक्ष बशीर यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं २००९ मध्ये अटक वॉरंट काढलं, आणि २०१० च्या वॉरंटमध्ये वंशसंहाराचा आरोपही आला.

इथे आमच्या कट्ट्यावरचे एक काका नेहमी अडवतात. "बघा, त्यांनी विकलं, आपण घेतलं. तेल निघायचं ते निघालंच. मग शेअर विकून कुणाचं भलं झालं?" प्रश्न खोटा नाही. मलाही त्याचं उत्तर पुष्कळ दिवस सापडत नव्हतं. मग लक्षात आलं की विकणाऱ्या कंपनीच्या दारात विचारणारे उभे होते, घेणाऱ्या कंपनीच्या दारात तशी गर्दी झाली नाही. २०१० साली टीआयएए-क्रेफ या अमेरिकेतल्या शिक्षक-प्राध्यापकांच्या पेन्शन फंडानं सुदानच्या कारणावरून चिनी तेल कंपन्यांबरोबर ओएनजीसीचेही शेअर विकले. आपल्या घरच्या कंपनीला सुदानचं विचारणारे मास्तर अमेरिकेतले होते. ठाणे-डोंबिवलीचे आपण फक्त भाव चढला की उतरला एवढंच बघत होतो. त्यांनी विकल्यावर घ्यायला आपण होतो, कारण आपल्याकडे कुणी विचारणारं नव्हतं. काकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे, आणि माझी पत्रंही एवढ्याचसाठी आहेत.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगते. मी ३१ वर्षं जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या पाणीखात्यात काढली. एका मार्चमध्ये थकबाकीदारांची यादी माझ्या टेबलावर आली. नळजोडणी तोडण्याच्या रकान्यात मी सह्या केल्या. त्यात एका चाळीचं नाव होतं. चाळीनं पैसे भरलेले होते, पावती दुसऱ्या फाइलला लागली होती. आठवड्यानंतर एक बाई रिकामी कळशी घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली, काही बोलली नाही. सही करताना मी चाळ पाहिलीच नव्हती, मला रकाना दिसला होता. पोर्टफोलिओची शीट उघडली की मला ती कळशी दिसते. माझे पाच हजार हीही माझी सहीच आहे.

रक्कम लहान असल्यानं काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी केएलपीचं सांगते. हा नॉर्वेतल्या नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड, म्हणजे माझ्यासारख्यांचाच. म्यानमारमध्ये २०१७ साली सात लाखांहून जास्त रोहिंग्या लष्कराच्या अत्याचारांमुळे बांगलादेशात पळाले. १ फेब्रुवारी २०२१ ला त्याच लष्करानं सत्ता बळकावली. अदानी पोर्ट्स तेव्हा यांगोनमध्ये कंटेनर टर्मिनल बांधत होती, आणि त्याची जमीन लष्कराच्या मालकीच्या कंपनीकडून भाडेपट्ट्यानं घेतलेली होती. जून २०२१ मध्ये केएलपीनं आपले शेअर विकले. ते जेमतेम दहा लाख डॉलरचे होते. एवढ्या मोठ्या कंपनीला तो आकडा काहीच नाही, पण विकण्याचं कारण जाहीर सांगितलं होतं, त्यामुळे बातमी जगभर गेली. त्याच वर्षी कंपनीनं म्यानमारमधून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला आणि मे २०२३ मध्ये टर्मिनल विकलं. एकट्या केएलपीनं हे घडवलं असं मी म्हणत नाही. अमेरिकेचे निर्बंध होते, इतरही दबाव होते. पण त्या दबावात नगरपालिकेच्या कारकुनांचंही वजन होतं.

आणि हे परदेशी खूळ नाही. वंशभेद करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, तोही १९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधी.

आता मी पत्रात काय मागते? उद्या सकाळी शेअर विका, असं नाही. देशाला तेल लागतं, आपण ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, हे मला कळतं. मी एक लेखी धोरण मागते: वंशसंहार किंवा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना हातभार लागेल असा धंदा करणाऱ्या कंपनीला फंड आधी प्रश्न विचारेल, मुदत देईल, आणि कंपनी बधली नाही तर बाहेर पडेल. विचारण्याची जबाबदारी फंडांवर आधीच आहे. सेबीची स्टुअर्डशिप संहिता त्यांना जुलै २०२० पासून लागू आहे, कंपन्यांवर लक्ष ठेवणं आणि त्यांच्याशी बोलणं त्यात येतं. बाजारमूल्यानं पहिल्या हजार कंपन्यांना दरवर्षी जो बीआरएसआर, म्हणजे धंद्यातल्या जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो, त्यातलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचंच आहे. फंड मॅनेजरनं तो उघडून प्रश्न विचारावा, एवढंच.

"अशी चाळणी लावता येत नाही" असं उत्तर एका फंड हाऊसकडून आलं. दारू, तंबाखू, व्याजाचा धंदा वगळणारी टाटा एथिकल ही योजना १९९६ पासून चालू आहे, म्हणजे चाळणी लावायचं तंत्र आपल्याकडे जुनंच आहे. इंडेक्स फंडाला निर्देशांकातल्या कंपन्या घ्याव्याच लागतात, हे मान्य. पण माझ्या तीनपैकी दोन योजना तशा नाहीत, त्यांत कंपन्या माणूस निवडतो.

आपल्याकडे युनिटधारकांची वार्षिक सभा नसते, उठून बोलायला व्यासपीठच नाही. म्हणून मी पत्र फंडावर देखरेख करणाऱ्या ट्रस्टींच्या नावे पाठवते, वर फोलिओ नंबर, म्हणजे फंडातल्या माझ्या खात्याचा नंबर घालते, म्हणजे ते पैसेवाल्याचं पत्र ठरतं. चार पत्रांपैकी दोनांना छापील उत्तर आलं, एकाला काहीच नाही. चौथ्याला मात्र एका अधिकाऱ्याचा फोन आला. नेमकी कुठली कंपनी आणि कुठला अहवाल, हे त्यांनी लिहून घेतलं, आणि दोनदा स्पेलिंग विचारलं.

पाचवं पत्र या महिन्याची शीट आली की जाईल. मसुदा मराठीत आहे, एका पानाचा. सकाळी साडेसहाला मी कचराळीवर असते, पिशवीत त्याच्या प्रती असतात. फोलिओ नंबर तेवढा तुमचा घाला.