चॅम्पियन झाले, तरी तिथेच राहिले

३४ मॅचची लीग जिंकायची, ट्रॉफी घ्यायची आणि तरी पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये खेळायचं, हे कुणालाही पटेल का? जर्मनीत फुटबॉलच्या चौथ्या पातळीवर हे दर वर्षी कुणा ना कुणाच्या नशिबी येतं. २०२४-२५ ला ते लोकोमोटिव लाइपझिग या क्लबच्या नशिबी आलं आणि इकडे सानपाड्यात बसून मीच चिडलो होतो.

मला हा नाद महापेच्या ऑफिसात लागला. क्लायंट लाइपझिगचा, कॉल सुरू व्हायच्या आधी तिकडचा एकजण शनिवारच्या मॅचबद्दल बडबडायचा, मला आधी वाटलं आरबी लाइपझिगचं चाललंय, टीव्हीवर दिसते ती टीम. तसं म्हटलं तर असा काही गप्प झाला की विचारू नका. आरबी २००९ ला आली, लोकोमोटिवचं मूळ १८९०च्या दशकातलं आणि १९०३ ला जर्मनीची पहिलीवहिली चॅम्पियनशिप जिंकली ती यांनीच, तेव्हा नाव व्हीएफबी लाइपझिग होतं. १९८७ ला युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलला गेले, आयाक्सकडून १-० ने हरले, गोल व्हॅन बास्टनचा.

मग बर्लिनची भिंत पडली, पैसे संपले, २००४ ला क्लबचं दिवाळं वाजलं आणि फॅन लोकांनी मिळून तो पार ११व्या पातळीवरून परत सुरू केला. म्हणजे आपल्याकडे नेरूळच्या ग्राउंडवर रविवारी सकाळी जे चालतं ना, जवळपास तेवढं खाली. पण एका लीग मॅचला मोठं स्टेडियम घेतलं तर १२ हजारांवर पब्लिक आलं, समोर कोण तर शेजारच्या गावाची बी टीम!

तर ही चौथ्या पातळीची लीग म्हणजे रेगिओनाललीगा नॉर्डओस्ट, ईशान्येची लीग. त्या वर्षी १८ टीम, जुन्या पूर्व जर्मनीची अख्खी वंशावळ एका टेबलात. बर्लिनची बीएफसी डायनामो, जिने १९७९ ते ८८ सलग दहा टायटल घेतली (रेफ्री कसे होते यावर तिकडे अजून भांडणं होतात), १९८१ ला युरोपियन फायनल खेळलेली येना, त्स्विकाऊ, एर्फुर्ट, केमनित्स, आणि लाइपझिगचीच केमी, जिच्याशी लोकोमोटिवचं इतकं वाकडं की डर्बीला पोलिसांचा फौजफाटा लागतो. एका टोकाला बाल्टिक किनाऱ्याजवळचं ग्राइफ्सवाल्ड, दुसऱ्या टोकाला थेट दक्षिणेचं प्लाउएन. यातले बरेच क्लब हौशी आणि प्रोफेशनलच्या मधे कुठेतरी लटकलेले.

आता घोळ असा की अशा लीगा पाच आणि वर तिसऱ्या लीगमध्ये जागा चार. पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या चॅम्पियनला डायरेक्ट तिकीट, उरलेल्या तिघांत एक डायरेक्ट जागा आलटून पालटून, राहिलेले दोन चॅम्पियन एकमेकांशी दोन मॅच खेळणार, तोच प्लेऑफ. नॉर्डओस्टच्या कॉटबुसने २०२३ ला लीग जिंकली आणि प्लेऑफ हरले, पुढच्या वर्षी परत जिंकली, तेव्हा डायरेक्टचा नंबर यांचा होता म्हणून सुटले. २०२५ ला तो नंबर बव्हेरियाचा, म्हणून श्वाइनफुर्ट आरामात वर. लोकोमोटिवसमोर आली उत्तरेची हावेल्झे, हॅनोव्हरजवळची छोटीशी जागा.

पहिली मॅच १-१. दुसरी घरच्या मैदानावर, १ जूनला, आपल्याकडे त्या वर्षी पाऊस २६ मेलाच येऊन बसलेला, बाहेर धो धो आणि मी मोबाइलवर लाइव्ह स्कोअरचं पान रिफ्रेश करतोय. एक्स्ट्रा टाइमला गेली आणि तिथे सगळं कोसळलं, ०-३. २०२० ला पण असंच, व्हेर्लविरुद्ध दोन्ही मॅच ड्रॉ आणि अवे गोलवर, म्हणजे समोरच्याचे परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून बाहेर.

हसू नका, आपल्याकडे २०२५ लाच आय-लीगचा, म्हणजे भारतातल्या दुसऱ्या पातळीच्या फुटबॉल लीगचा, चॅम्पियन कोण हे ठरायला जुलै उजाडला, तेही स्वित्झर्लंडच्या क्रीडा कोर्टात. तिकडे निदान चॅम्पियन कोण ते माहीत होतं.

२०२५ च्याच ऑगस्टमध्ये जर्मन कपला शाल्के ही वरच्या लीगमधली टीम लोकोमोटिवच्या घरी आली, लोकोमोटिववाले एक्स्ट्रा टाइमपर्यंत टिकले, ०-१ हरले. पण त्या मॅचमध्ये शाल्केच्या प्लेअरला स्टँडमधून वर्णद्वेषी बोलणी ऐकावी लागली, मॅच थांबवावी लागली. जुना क्लब, दिवाळ्यातून उठलेला क्लब हे सगळं ठीक, यावर पांघरूण घालणार नाही.

२०२५ ला पूर्वेच्या क्लबांनी एकत्र येऊन मागणी लावून धरली की चॅम्पियन वर गेलाच पाहिजे. उपाय म्हणून चार लीगा करा असं बोललं जातं आणि मग पहिली कुऱ्हाड नॉर्डओस्टवरच यायची भीती, अर्धे क्लब उत्तरेला, अर्धे बव्हेरियाला. मला विचाराल तर त्यापेक्षा तिसऱ्या लीगमधून एक टीम जास्त खाली पाठवा, पाचही चॅम्पियन वर घ्या, विषय संपला. हे मी घरी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं तर बायको म्हणाली, जर्मनीचं होईल काहीतरी, तू आधी सोसायटीच्या मीटिंगला खाली जा, टाकीच्या गळतीचा विषय आहे.