सॅच्युरेशन ९९, तरी धाप

चवथीच्या दिवसांत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून कॉलेजातल्या एका मुलाला आमच्या इस्पितळात आणलं. दोन दिवस उलट्या, पोटात दुखणं आणि आता धाप. सोबतची माणसं दमा म्हणत होती. पण सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९९ टक्के आणि छाती अगदी स्वच्छ.

वॉर्डात पोस्टिंगवर असलेल्या नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने श्वास पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले नाहीत. छातीवर नजर ठेवून पूर्ण मिनिट मोजलं : ३४. "सिस्टर, श्वास नुसता जलद नाही, खोलही आहे." तिच्या त्या वाक्याचं मला आजही कौतुक वाटतं.

मुलाला टाइप १ मधुमेह होता. इन्सुलिन नसलं की पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन आम्लं साचतात. मग श्वास खोल होतो, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला की आम्लता तेवढी उतरते. हेच कुसमाउल श्वसन. ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे.

"पोटात कण टिकत नव्हता, मग इन्सुलिन कसं देऊ?" आई विचारत होती. साखर एकदम उतरेल ही तिची भीती खरीच होती. पण आजारपणात, उपाशीपोटीसुद्धा, साखर चढते.

सलाइन लगेच लागलं, इन्सुलिन मात्र रक्तातल्या पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत थांबलं. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. ते आधीच ३.५ च्या खाली असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. रिपोर्ट ४.१ आला, तेव्हा आम्ही इन्सुलिनची ड्रिप बनवली. व्हायल एका मिलीत ४० युनिटची, म्हणून त्याच मापाची लाल टोपीची सिरिंज. ड्रिपला लागणारे ५० युनिट अशा एका सिरिंजमध्ये मावत नाहीत. आधी ४०, मग १०, दोन्ही वेळा दुसऱ्या सिस्टरला दाखवून. नळीतून पहिले २० मिली सोडून दिले, कारण इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं.

पहाटे साखर २०० पर्यंत आली. आईला वाटलं, आता ड्रिप निघणार. आम्ही उलट डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, जोडलं. कीटोन अजून होते, आणि ते जाईपर्यंत इन्सुलिन थांबवता येत नाही.

मुलगा घरी जाताना त्या विद्यार्थिनीने फाइलच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : ताप, उलट्या असल्या तरी इन्सुलिन बंद करायचं नाही, दर तीन-चार तासांनी साखर बघायची, पाणीही टिकत नसेल तर थेट इस्पितळात यायचं. मुलाच्या आईने ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.