ने-आणीची डिस्क

संगणकाला एखादी डिस्क वाचता आली नाही, तर 'मला जमत नाही' एवढं म्हणून तो गप्प बसत नाही. विंडोज सरळ बजावतं, की ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा, म्हणजे पुसून नव्याने मांडा, आणि त्याचं बटणही तत्परतेने पुढे करतं. मॅक जरा शिष्टाचार पाळतो. तो 'इजेक्ट', 'इग्नोअर' आणि 'इनिशियलाइझ' असे तीन पर्याय ठेवतो. पण तिसऱ्या वाटेने गेलं तर शेवटी पुसण्यापाशीच पोचायला होतं. खरं तर डिस्क ठणठणीत असते, आतले फोटो जागच्या जागी असतात. समोरच्या यंत्राला तिच्यातली फाइली ठेवायची मांडणी ओळखीची नसते, इतकंच. अशा वेळी 'कॅन्सल' दाबावं, केबल काढावी आणि जिथे ती डिस्क भरली त्याच संगणकाला लावून पाहावी. पुढचा पुष्कळ मनस्ताप एवढ्याने वाचतो.

या मांडणीला फाइल सिस्टिम म्हणतात आणि प्रत्येक घराण्याची ती वेगळी. विंडोजची एनटीएफएस, १९९३ सालापासूनची. मॅकची पूर्वी एचएफएस प्लस होती, २०१७पासून एपीएफएस आली. लिनक्सवर बहुधा ईएक्सटी४. मॅकला एनटीएफएस वाचता येते, लिहिता येत नाही. म्हणजे डिस्कवरून फाइल घेता येते, पण तिच्यावर ठेवायला गेलं की 'पेस्ट' हा शब्द फिकट होऊन बसतो आणि माणूस केबल बदलत राहतो. केबलचा काही दोष नसतो. विंडोज तर मॅकच्या दोन्ही मांडण्यांना ओळखच देत नाही. त्या मानाने लिनक्स सोशिक. एनटीएफएस लिहिण्याची चांगली सोय २०२१ सालापासून त्याच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे.

सगळीकडे चालणारी जुनी मांडणी म्हणजे फॅट३२. टीव्ही, गाडीतला स्टिरिओ, प्रिंटर, सगळे तिला ओळखतात. पण तिच्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी मावत नाही. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने फोर-केमध्ये चित्रण केलं, तर पावणेसहा मिनिटांतच ही मर्यादा गाठली जाते. लग्नात तेवढ्या वेळात मंगलाष्टकंसुद्धा संपत नाहीत. डिस्कवर नऊशे जीबी मोकळी असताना 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप आला, की लोक जागा करायला जुन्या फाइली पुसायला लागतात. पुसून काही उपयोग नाही. अडचण जागेची नसून मांडणीची आहे.

तेव्हा उरते एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ साली आणली, मॅकने २०१०मध्ये १०.६.५ या आवृत्तीत स्वीकारली आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ साली तिचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या कर्नलमध्येही ती आली. आज तिन्ही ठिकाणी जास्तीचं काही न बसवता वाचता-लिहिता येणारी आणि चार जीबीचं बंधन नसणारी मांडणी हीच. चौसष्ट जीबी किंवा त्याहून मोठी कॅमेऱ्याची कार्डं तर येतानाच एक्सफॅट असतात.

आतला मजकूर तसाच ठेवून एनटीएफएसची एक्सफॅट करायचं बटण विंडोजमध्ये नाही. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, दोन-चार मोठ्या फाइली तिथे उघडून बघायच्या आणि मगच पुढे जायचं.

मॅकवर एक्सफॅट करायचं काम 'डिस्क युटिलिटी' या ॲपमध्ये होतं. उघडल्याबरोबर 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडा. हे केलं नाही तर डाव्या यादीत फक्त आतला भाग दिसतो आणि तोच पुसला जातो. मूळ आराखडा जुनाच राहतो. यादीत वरची ओळ अख्ख्या डिस्कची, तिच्याखाली आत सरकलेली ओळ तिच्यातल्या भागाची. वरची निवडून 'इरेझ' दाबलं, की नाव, फॉरमॅट आणि स्कीम असे तीन रकाने येतात. फॉरमॅट एक्सफॅट, शेजारचं 'एमएस-डॉस फॅट' नव्हे, ती पुन्हा चार जीबीवालीच. स्कीम, म्हणजे डिस्कचा मूळ आराखडा, मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिथे 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' हवा. 'ॲपल पार्टिशन मॅप' राहिला तर फॉरमॅट एक्सफॅट असूनही विंडोजला आत काहीच दिसत नाही, आणि 'एक्सफॅट केली तरी चालत नाही' ही तक्रार पुष्कळदा इथूनच निघते. 'मास्टर बूट रेकॉर्ड' जुन्या टीव्हीला बरा पडतो, पण दोन टीबीच्या पुढे त्याची मजल जात नाही.

विंडोजवर डिस्क धड असेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये राइट क्लिक करून 'फॉरमॅट' केलं की झालं. पण मॅकवरून आलेल्या डिस्कच्या सुरुवातीला दोनशे एमबीचा एक ईएफआय नावाचा राखीव भाग असतो आणि विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट तो पुसू देत नाही. तिथे डिस्कपार्ट हे आज्ञा टाइप करून चालवायचं साधन लागतं. आज्ञा क्रमाने अशा: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी (म्हणजे वरचा जीयूआयडी आराखडाच), क्रिएट पार्टिशन प्रायमरी, मग एक्सफॅटची क्विक फॉरमॅट आणि शेवटी असाइन. 'क्लीन' ही आज्ञा 'नक्की ना?' असं विचारत नाही. क्रमांक शून्य हा बहुधा संगणकाच्या स्वतःच्या डिस्कचा असतो, म्हणून क्रमांक आकारावरून ताडून घ्यायचा. आणि खोक्यावर एक टीबी छापलं असलं तरी इथे ९३१ जीबी दिसणार, हे लक्षात ठेवायचं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, गिऱ्हाइकाला मात्र दर वेळी एकोणसत्तर जीबी हरवल्यासारखे वाटतात. संशय असला तर बाहेरची डिस्क काढून यादी पाहावी, परत लावून पुन्हा पाहावी; जी ओळ नव्याने आली ती आपली.

लिनक्सवाल्यांना पायऱ्या सांगायची गरज नसते, पण एक गोष्ट त्यांनाही चकवते. पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागाचा, प्रकार 'लिनक्स फाइलसिस्टिम' असाच ठेवून आत एक्सफॅट केली, तर लिनक्सवर सगळं सुरळीत चालतं आणि विंडोज त्या भागाला ड्राइव्हचं अक्षरच देत नाही. प्रकार 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा' करावा लागतो.

अलोकेशन युनिट साइझ, म्हणजे फाइलीला जागा ज्या तुकड्यांनी मिळते त्यांचा आकार, विचारली तर 'डीफॉल्ट'वर सोडून द्यावी. मोठ्या एक्सफॅट डिस्कवर विंडोज ती १२८ केबी धरतं, म्हणजे दोन केबीची चिठ्ठीदेखील १२८ केबीची जागा अडवते. व्हिडिओंना याने फरक पडत नाही. पण दोन-दोन केबीच्या एक लाख फाइली असतील, तर दोनशे एमबीचा ऐवज तेरा जीबी खाऊन बसतो. असं बारीक सामान झिप करून एकाच फाइलीत न्यावं, कॉपीही लवकर होते.

आता नावं. एक्सफॅट डिस्कच्या नावाला अकरा अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'घरचे फोटो' नऊमध्ये बसतं, 'लग्नाचे व्हिडिओ' पंधरावर जातं. फाइलीच्या नावाला २५५ची मुभा आहे. पण ईएक्सटी४मध्ये २५५ची मर्यादा बाइटची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. म्हणजे तिथे पंच्याऐंशी चिन्हांत आटपावं लागतं. दिवाळी अंकाच्या धावपळीत 'अंतिम', 'अंतिम सुधारित' आणि 'हेच छापा' हे सगळं एकाच नावात आलं, की ती फाइल एक्सफॅटवर मुकाट राहते आणि लिनक्सवर उतरवताना अडते. उलट दिशेला लिनक्सवर 'बैठक १०:३०' हे नाव चालतं, एक्सफॅटला त्यातला विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम चालत नाही. प्रश्नचिन्हही नाही.

इतकं सगळं करूनही एक्सफॅटवर फार विसंबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एनटीएफएस, एपीएफएस, ईएक्सटी४ या आपल्या नोंदी मोडणार नाहीत याची आतल्या आत काही ना काही तजवीज ठेवतात. बऱ्याच जणी आधी जर्नलमध्ये टिपतात आणि मग खरा बदल करतात. दुकानदार आधी कच्च्या वहीत लिहून मग खतावणी करतो, तसं. एक्सफॅटकडे अशी कच्ची वही नाही. लिहिणं चालू असताना केबल हलली किंवा वीज गेली, तर कुठवर लिहून झालं हे सांगायला कोणी नसतं. मग मॅकला डिस्क लावली की दिवा लुकलुकतो, पण फाइंडरमध्ये काही दिसत नाही. डिस्क मेलेली नसते, मॅक पडद्यामागे तिची तपासणी करत असतो आणि मोठ्या डिस्कला त्यात बराच वेळ लागतो. वैतागून केबल उपटली तर पुन्हा पहिल्यापासून. थांबूनही ती आली नाही तर विंडोजवर 'चेकडिस्क' ही डिस्क दुरुस्त करणारी आज्ञा चालवावी, बहुधा काम भागतं. आणि रोज न चुकता 'इजेक्ट' करावं. इतर मांडण्यांत तो आळस एखादे वेळी खपून जातो, इथे त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून ने-आण करायची डिस्क एक्सफॅट असावी आणि जपून ठेवायची डिस्क ज्या संगणकाची त्याच्याच मांडणीची. मॅकचं टाइम मशीन तर एक्सफॅटवर बॅकअप घ्यायलाच तयार होत नाही, आधी पुसू का म्हणून विचारतं. लिनक्सच्या फाइलींच्या परवानग्या आणि दुवेही एक्सफॅटवर टिकत नाहीत. एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्ही हेतू साधता येतात, पण डिस्क आयपॅडला लावायची असेल तर तसं करू नये. त्याला एकच डेटा पार्टिशन लागतं.

मॅकवरून गाणी भरून नेली की टीव्हीवर प्रत्येक गाणं दोनदा दिसतं, त्यातलं एक वाजत नाही. नावाच्या सुरुवातीला टिंब आणि अधोरेषा असलेली ही जुळी फाइल मॅक स्वतःच्या नोंदींसाठी ठेवतो. मॅकच्या टर्मिनलमध्ये 'डॉट क्लीन' ही आज्ञा आहे, तिला 'एम' हा पर्याय जोडून चालवलं की त्या निघून जातात. विंडोजवाल्याने पुसल्या तरी गाण्याला धक्का लागत नाही.

डिस्क कोणाला देऊन टाकायची असेल तर मात्र 'क्विक फॉरमॅट'चा खूण-चौकोन रिकामा करावा. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका नवी होते, जुने फोटो साध्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतात. विंडोजचं पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितं. सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने एक टीबीला पावणेतीन तासांहून जास्त लागतात. त्या दिवशी लोडशेडिंगची वेळ आधी बघून घ्यावी.